रात्री तीनला वाजणारा हूटर: आईच्या घरातल्या अलार्मचं नक्की दुखणं काय?

पारिजातक | ८ जुलै, रात्री ९:४०

साताऱ्यात आमचं जुनं घर आहे. तळमजला आणि वर गच्चीची खोली. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटीच असते, मी ठाण्यात. २०१९ मध्ये आमच्या गल्लीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या, तेव्हा अलार्म बसवून घेतला. आठ झोनचं वायरवालं पॅनल आहे, त्यातले पाच वापरात. झोन १ पुढचं दार, २ मागचं दार, ३ गच्चीचं दार, तिन्हींना दार उघडल्याचं कळवणारे मॅग्नेट. झोन ४ हॉलमधला पीआयआर (हालचाल ओळखणारा सेन्सर) आणि ५ जिन्याखालचा पीआयआर. बाहेर एक मोठा हूटर. शिवाय सिमकार्डवाला डायलर, तो मला आणि शेजारच्या काकांना फोन लावतो.

इतकी वर्षं काही तक्रार नव्हती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून मात्र सात वेळा रात्री वाजलाय, अडीच ते चारच्या दरम्यान. आई आतल्या खोलीत झोपते, तिथे सेन्सर नाही आणि रात्री ती हॉलमध्ये येतही नाही. दर वेळी दचकून उठायचं, अंधारात कीपॅडपर्यंत जायचं, कोड दाबायचा आणि मग उजाडेपर्यंत जागं राहायचं. पहिल्या दोन वेळा काका काठी घेऊन धावत आले. तिसऱ्यांदा त्यांनी फोनवर चौकशी केली. गेल्या आठवड्यात गल्लीत कुणी खिडकीसुद्धा उघडली नाही.

आता आईने रात्री अलार्म लावणंच सोडून दिलंय. "त्या आवाजाने माझं काळीज थांबण्यापेक्षा चोर परवडला," म्हणाली. ते ऐकल्यापासून मलाच झोप नाही.

ज्याने बसवला त्याला बोलावलं. दहा मिनिटं बघितलं, बॅटरीला मीटर लावला, "बॅटरी ठीक आहे, सेन्सर जुने झालेत, सगळं काढून वायरलेस संच घ्या, २४ हजार" म्हणाला आणि गेला. बिघडलंय काय ते सांगितलं नाही. शनिवारी मी साताऱ्याला जातेय. माझ्याकडे मल्टीमीटर आहे आणि तो वापरता येतो. कुठून सुरुवात करू?

मोगरा | ८ जुलै, रात्री १०:१५

पाल बघा आधी! आमच्याकडे दोन महिने हाच छळ चालला होता. पीआयआरच्या पांढऱ्या काचेवर पाल येऊन बसायची. सेन्सरवर "लहान प्राण्यांना वाजत नाही" असं लिहिलेलं असतं, पण ते जमिनीवरून चालणाऱ्या मांजरा-कुत्र्यासाठी. काचेलाच चिकटलेली पाल त्याला माणसाएवढी मोठी दिसते. आम्ही सेन्सरजवळचा दिवा काढून दुसऱ्या भिंतीवर लावला. किडे तिकडे गेले, मागोमाग पालीही गेल्या.

सोल्डरगन | ८ जुलै, रात्री ११:०५

ताई, कोल्हापूर भागात वीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून एक विनंती. शनिवारी गेल्या गेल्या कुठल्याही सेन्सरला हात लावू नका. आधी पॅनलची नोंद वाचा. कीपॅडवर मागच्या घटना दिसतात, तुमच्या पॅनलमध्ये बहुतेक शेवटच्या पन्नास तरी असतील. कुठला झोन, किती वाजता आणि त्याच्या लगेच आधी काय नोंदलंय, ते जसंच्या तसं कागदावर उतरवा. कीपॅडचा फोटो काढलात तर उत्तम.

आणि आईंना दोन गोष्टी विचारा. बॅटरी कधी बदलली होती? आणि हूटर वाजायच्या आधी लाईट गेली होती का?

खोटा वाजणारा अलार्म बहुतेक वेळा खोटा नसतोच. त्याला काहीतरी दिसलेलं असतं, आपल्याला दिसत नाही इतकंच. सात वेळा वाजला म्हणजे सात पुरावे हातात आहेत. ते न वाचता सेन्सर बदलणं म्हणजे ताप किती हे न बघता औषध देणं.

संत्रानगरी | ९ जुलै, सकाळी ७:३०

आमचं दुखणं याच्या उलट. नागपुरात मे महिन्यात बंद घराच्या आत ३९-४० पर्यंत पारा जातो आणि तेव्हा हॉलमधून चालत गेलं तरी पीआयआर ढिम्म. जानेवारीत मात्र पडद्यामागून हात काढला तरी पकडतो. हा बिघाड समजायचा का?

सोल्डरगन | ९ जुलै, दुपारी १:२०

संत्रानगरी, तो बिघाड नाही, पीआयआरचा स्वभावच तसा आहे. स्वतः तो काहीच सोडत नाही, फक्त खोलीची उष्णता बघत असतो. आत दोन छोट्या पट्ट्या असतात. गरम अंग एका पट्टीच्या नजरेतून दुसरीच्या नजरेत सरकलं की त्याला फरक कळतो. आपल्या कातडीचं तापमान ३३-३४ च्या आसपास. भिंतीही तेवढ्याच तापल्या तर फरक उरतो कुठे? तापमानाप्रमाणे संवेदना वाढवणारे सेन्सर मिळतात, त्यांनी बराच फरक पडतो. तरी उन्हाळ्यात घर बंद ठेवून जाणार असाल तर भिस्त दारा-खिडक्यांच्या मॅग्नेटवर ठेवा, त्यांना उन्हाचं काही नाही.

पीआयआर कुठे बसवलाय तेही बघा. सेन्सरच्या नजरेसमोरून आडवं जाणारा माणूस त्याला चटकन कळतो, सरळ त्याच्याकडे चालत येणारा उशिरा कळतो. त्यामुळे दाराच्या समोरच्या भिंतीपेक्षा बाजूच्या कोपऱ्यात, सात-साडेसात फुटांवर लावावा. खिडकीतलं ऊन, एसीचा झोत आणि फ्रीजची मागची बाजू त्याच्या समोर नको.

पारिजातक | १३ जुलै, संध्याकाळी ६:५०

साताऱ्यात आले. पाऊस धो धो. नोंदी वाचल्या, पण पॅनलचं घड्याळच बिघडलंय. तारखा सगळ्या भलत्याच आहेत. तरी जसंच्या तसं उतरवलंय.

सहा वेळा असं आहे: "०१/०१ ००:०० सिस्टिम रीसेट", आणि त्याच्या खाली लगेच "०१/०१ ००:०० झोन ४ अलार्म". एक-दोनदा झोन ४ च्या जागी ५.

एकदाच वेगळं आहे: "०४/०१ २३:४६ झोन ३ अलार्म". त्याच्या आधी रीसेट नाही.

बॅटरी कधीच बदललेली नाही. आईला लाईटचं विचारलं तर क्षणभर विचार करून म्हणाली, "अगं, मला जाग येते ती पंखा थांबल्यामुळेच. मग पंखा फिरायला लागतो आणि तेवढ्यात ते बोंबलायला लागतं." महिनाभर ती हे अनुभवत होती आणि आमच्यापैकी कुणी तिला विचारलंच नव्हतं.

सोल्डरगन | १३ जुलै, संध्याकाळी ७:३०

ताई, घड्याळ बिघडलेलं नाही. त्या चुकीच्या तारखेनेच सगळं सांगितलंय.

"०१/०१ ००:००" म्हणजे पॅनल पूर्ण मेलं होतं आणि त्या क्षणी नव्याने जिवंत झालं. रात्री लाईट जाते, बॅटरीने पॅनल धरायला हवं, ती धरत नाही. पॅनल बंद पडतं. दोन-चार मिनिटांनी लाईट येते, पॅनल उठतं आणि आपण लावलेलो होतो हे त्याला आठवतं. पण पीआयआरला वीज मिळाल्यावर स्थिर व्हायला अर्धा ते एक मिनिट लागतं आणि तोवर त्याची रिले (आतला स्विच) उघडी असते. पॅनलला ते "कुणीतरी हललं" असंच दिसतं. म्हणून झोन ४, कधी ५. सेन्सर दोन्ही चांगले आहेत. काही पॅनल उठल्यावर मिनिटभर झोनकडे बघत नाहीत, तुमचं तसं नसावं.

पावसाळ्यात रात्री लाईट मिनिटा-दोन मिनिटांसाठी जाणं नेहमीचंच, म्हणून जूनपासून सुरुवात झाली. बॅटरी त्याआधीच गेलेली असणार, कळलं पावसाने.

ती सातवी नोंद मात्र वेगळी आहे. तिला यात मिसळू नका, तिच्याकडे नंतर येऊ.

पारिजातक | १३ जुलै, संध्याकाळी ७:४२

पण त्याने माझ्यासमोर बॅटरीला मीटर लावला होता. मीही आत्ता लावला, १३.५ व्होल्ट दाखवतोय. १२ व्होल्टची बॅटरी १३.५ दाखवते म्हणजे चांगलीच ना?

सोल्डरगन | १३ जुलै, रात्री ८:१०

इथेच सगळे फसतात. पॅनलला जोडलेल्या बॅटरीवर मीटर लावला की दिसतो तो पॅनलच्या चार्जरचा व्होल्टेज. १३.५ ते १३.८ म्हणजे चार्जर ठणठणीत आहे. बॅटरीबद्दल त्यावरून काहीही कळत नाही.

असं करा. पॅनल इंजिनिअर मोडमध्ये टाका, म्हणजे पेटीचं झाकण उघडल्यावर टॅम्परने (झाकण उघडल्याचं कळवणाऱ्या स्विचने) हूटर वाजणार नाही. शेजारच्या काकांना सांगून ठेवा. पॅनलचा एमसीबी खाली करा, पेटीत ट्रान्सफॉर्मरला २३० व्होल्ट येतात आणि तिथे चुकून बोट लागायला नको. मग बॅटरीची लाल वायर काढा, नंतर काळी. अर्धा तास बॅटरी तशीच ठेवून मोजा. चांगली असेल तर १२.७ च्या आसपास दिसेल. पण तेवढ्यावरही विश्वास ठेवू नका. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब कुठल्याही गॅरेजमध्ये मिळेल, तो बॅटरीला जोडा आणि दहा मिनिटं मीटरकडे बघत राहा. ७ अँपिअर-अवरची चांगली बॅटरी दहा मिनिटांनीही १२ च्या वर असते.

पारिजातक | १४ जुलै, सकाळी ११:२५

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बल्ब होल्डरसकट दिला, पैसेही घेतले नाहीत.

मोकळी बॅटरी: १२.५. मनात म्हटलं, बरी आहे की.

बल्ब जोडला. लख्ख पेटला, मीटर ११ वर आला. मग माझ्या डोळ्यांदेखत १०.२, ९.६, ८.८. अर्ध्या मिनिटात बल्बची तार नुसती लालसर दिसत होती, उदबत्तीच्या टोकासारखी. आई शेजारी उभी राहून बघत होती. "म्हणजे हे एवढ्याशा दिव्यालाही पुरत नाही आणि त्या मोठ्या भोंग्याला काय पुरणार?" तिला जे कळलं ते त्या माणसाने मला सांगितलं नव्हतं.

बॅटरी दोन्ही बाजूंनी जरा फुगलेलीही आहे. पेटीत असताना लक्षात आलं नव्हतं.

सोल्डरगन | १४ जुलै, दुपारी १२:०५

फुगलेली पुन्हा लावू नका, आजच नवी आणा. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर, सीलबंद, हजार-बाराशेपर्यंत मिळते. घेताना बॅटरीवरची बनवल्याची तारीख बघा. वर्षभर दुकानात पडून असलेली घेऊ नका. आधी बॅटरीची काळी आणि लाल वायर लावा, मग एमसीबी वर करा. उलटी लागली तर फ्यूज उडेल.

या बॅटऱ्यांचं आयुष्य तीन ते पाच वर्षं. गरम जागी त्याहून कमी, साधारण २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य अर्धं धरतात. पॅनल माळ्यावर पत्र्याखाली असेल तर दोन वर्षांतच बदला. नव्या बॅटरीवर आजची तारीख मार्करने लिहून ठेवा.

किती पुरेल याचा हिशोब: तुमचं पॅनल, कीपॅड, दोन पीआयआर आणि डायलर मिळून पाव अँपिअर धरा. ७ भागिले पाव म्हणजे कागदावर २८ तास, प्रत्यक्षात २० धरा.

समुद्रकाठ | १४ जुलै, दुपारी ४:००

गुहागरजवळ आमचं घर आहे, गणपती आणि मे महिना सोडला तर बंदच. मागच्या गणपतीत कळलं की डायलर कितीतरी महिने मुकाच होता. दार उघडल्यावर हूटर वाजला, फोन मात्र कुणालाच आला नाही. सिम कंपनीने बंद केलेलं. याच काळात घर फोडलं असतं तर आम्हाला भाद्रपदात कळलं असतं, या विचाराने अजून पोटात गोळा येतो. सोल्डरगन, यावर काही उपाय?

सोल्डरगन | १४ जुलै, रात्री ९:३०

बंद घरात सर्वांत आधी मरतं ते सिमच. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानुसार ९० दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही तर ते बंद होऊ शकतं. प्रीपेड खात्यात २० रुपये असले तर ते कापून पुढे ३० दिवस चालू ठेवतात. पण त्यावर विसंबू नका. रिचार्ज संपला की बाहेर जाणारा कॉल आधी थांबतो आणि डायलरला तर तोच हवा असतो. वर्षभराचा रिचार्ज मारा आणि तारीख मोबाईलमध्ये लावून ठेवा. बहुतेक डायलरना रोज किंवा आठवड्याला "मी चालू आहे" असा एसएमएस पाठवायला लावता येतं. तो चालू करा. ज्या दिवशी एसएमएस आला नाही त्या दिवशी शेजाऱ्याला फोन.

आणखी एक. जुने डायलर फक्त २जी वर चालतात. जिओचं जाळं सुरुवातीपासून ४जी, त्यामुळे ते सिम त्यात लागत नाही. सिम बदलण्याआधी हे बघा, लोक घरी येऊन दोन दोन तास डोकं खपवतात.

किनाऱ्यावर वायरचे जोडही तपासा. पिळून टेप मारलेला जोड खाऱ्या हवेत काळा-हिरवा पडतो आणि लूपचा (पॅनलपासून सेन्सरपर्यंत जाऊन परत येणाऱ्या वायरचा) रेझिस्टन्स हळूहळू वाढत जातो. जोड सोल्डर करा, वर आकसणारी नळी घाला.

पारिजातक | २० जुलै, सकाळी ८:१५

नवी बॅटरी लावून सहा दिवस झाले. मंगळवारी रात्री दोनदा लाईट गेली, अलार्म गप्प. आईने पुन्हा लावायला सुरुवात केलीय!

पण काल पहाटे एकदा वाजला. घड्याळ आता बरोबर आहे: "१९/०७ ०२:५८ झोन ३ अलार्म". लाईट गेली नव्हती, वारा प्रचंड होता. ही ती सातवी नोंदच ना?

सोल्डरगन | २० जुलै, सकाळी ९:००

तीच. गच्चीचं दार लाकडी आहे का? बंद दारावर मॅग्नेट आणि चौकटीवरचा तुकडा यांतली फट किती आहे ते मोजा. मग तळव्याने दार बाहेरून ढकला आणि पुन्हा मोजा. मॅग्नेट जवळ आला की आतल्या रीड स्विचच्या दोन पात्या चिकटतात, लांब गेला की सुटतात. साधारण १५ ते २० मिमीपर्यंत चालतं, त्या सीमेवर असेल तर वाऱ्याचा एक धक्का पुरतो.

झोन ३ च्या वायरी पॅनलमधून सोडवून ओहम मोजा. लूपच्या टोकाला रेझिस्टन्स (एक छोटा सुटा भाग) असतो, बहुतेक ४.७ किंवा १० किलोओहम. तेवढं दिसायला हवं.

पारिजातक | २० जुलै, संध्याकाळी ५:३०

या शनिवारीही आले होते, म्हणून लगेच केलं. सागवानी दार आहे, पावसाने फुगलंय. वरच्या कोपऱ्यात चौकटीला अडतं, त्यामुळे खालून नीट बसतच नाही. फट १६ मिमी, ढकललं की २१. आई दार ढकलत होती आणि मी कीपॅडकडे बघत होते. दर ढकलीला झोन ३ चा दिवा लागत होता आणि विझत होता.

पण ओहम मोजले तर दार बंद असताना जवळजवळ शून्य. रेझिस्टन्स पॅनलमध्येच स्क्रूला लावलेला सापडला. पाचही झोनचे तसेच आहेत. हे चालतं?

सोल्डरगन | २० जुलै, संध्याकाळी ६:१०

पॅनल चालतं, पण हे काम मला पटत नाही. रेझिस्टन्स लूपच्या शेवटी, सेन्सरच्या पेटीत हवा. पॅनलमध्येच लावला की पुढची वायर कुठेही एकमेकींना चिकटली, उंदराने कुरतडून किंवा कुणी मुद्दाम, तरी पॅनलला सगळं ठीकच दिसतं. मग दार सताड उघडलं तरी कळत नाही. टोकाला असेल तर वायर तुटली काय, चिकटली काय, दोन्ही वेळा वाजतं. घाईत काम उरकणारे तो पॅनलमध्येच टाकतात, कारण प्रत्येक सेन्सर उघडावा लागत नाही. तुम्ही एकेक करून हलवा, निदान तीन दारांचे तरी.

रंधा | २० जुलै, रात्री ८:४५

सुताराच्या घरातला म्हणून सांगतो. आत्ता त्या दारावर रंधा मारू नका. फुगलेलं लाकूड आत्ता तासलं की मार्चमध्ये वाळल्यावर बोटभर फट पडेल. बिजागऱ्यांचे स्क्रू आवळा, वरची बिजागरी बहुतेक ढिली असेल. अडणाऱ्या कोपऱ्यावर नुसता सँडपेपर आणि मेण. रंधा दिवाळीनंतर. आणि दाराच्या वरच्या-खालच्या कडांना रंग आहे का हात लावून बघा. तिथे कुणी ब्रश फिरवत नाही आणि पाणी तिथूनच आत शिरतं.

थेम्सकाठी | २१ जुलै, पहाटे २:३०

मी लंडनजवळ राहते. इथे बाहेरचा हूटर वीस मिनिटांत आपोआप थांबायला हवा आणि पोलिसांशी जोडलेल्या घरातून बारा महिन्यांत तीन खोटे अलार्म गेले की पोलीस यायचं थांबवतात. त्यामुळे दोन वेगळ्या सेन्सरनी पाठोपाठ कुणाला पकडलं तरच पोलिसांना कळवायचं, अशी मांडणी करतात. सोल्डरगन, काकूंच्या डायलरला हे लावता येईल का? गच्चीचं दार एकटं वाजलं तर फक्त आतला छोटा भोंगा, आणि लगेच जिन्याचा पीआयआर वाजला तर मोठा हूटर आणि काकांना फोन.

सोल्डरगन | २१ जुलै, सकाळी १०:००

तुमची सूचना फार आवडली. बऱ्याच पॅनलमध्ये दोन झोन असे जोडता येतात. फक्त पुढचं आणि मागचं दार त्यात घेऊ नका, एकटी बाई घरात असताना तिथे पहिल्याच धक्क्याला पूर्ण आवाज हवा. हूटरची वेळ पाच मिनिटं ठेवा. आणि ताई, बसवणाऱ्याचा इंजिनिअर कोड बदललात का? कारखान्यातून आलेला कोड गावभर सगळ्या पॅनलना एकच असतो.

पारिजातक | ३ ऑगस्ट, रात्री ९:१०

कोड बदलला. बिजागरी रंधा यांनी सांगितल्यासारखीच ढिली निघाली. मॅग्नेटखाली प्लास्टिकची चकती घालून पुढे आणला, फट आता ७ मिमी. तीन दारांचे रेझिस्टन्स टोकाला नेले. जिन्याखालचा पीआयआर उघडला तर वायरच्या भोकातून आत मुंग्यांची रांग. त्या ब्रशने काढल्या, भोक सिलिकॉनने बुजवलं. तिथूनही कधीतरी वाजलाच असता.

दोन आठवड्यांत एकदाही खोटा वाजला नाही. काकांना मी स्वतः जाऊन सांगितलं की आता वाजला तर खरंच या.

परवा एक तारखेला आईने स्वतः चाचणी घेतली. वॉक टेस्ट लावून पाचही झोनमधून चालत गेली, कीपॅड पाच वेळा टिणटिणला. मग लाईट असतानाच पॅनलचा एमसीबी तासभर खाली ठेवला, बॅटरीवर पॅनल चालतं का बघायला. कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाच्या खाली लिहिलंय: "अलार्म पाहिला. पाच. ठीक." काल फोनवर म्हणाली, रात्री साडेतीनला जाग आली होती पण पंखा चालू होता, म्हणून कूस बदलून झोपले.

एकच राहिलं. ती जुनी फुगलेली बॅटरी अजून गॅलरीत आहे. घंटागाडीत टाकू?

सोल्डरगन | ३ ऑगस्ट, रात्री ९:३५

अजिबात नको, आत शिसं आणि तेजाब आहे. नवी जिथून घेतली त्या दुकानात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून नेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि शिशाला भाव असल्याने दुकानदार आनंदाने घेतो. तोवर टोकांना टेप मारून उभी ठेवा, आडवी नको.

आईंना नमस्कार सांगा.